उसाचं टेकाड

माझी पहिली नोकरी म्हणजे दिवसभर दोन काचांना डोळे लावून बसणं. हे घरी सांगायचं कसं, हा मोठाच प्रश्न होता. सणसरच्या पुढं माळावर आमची वस्ती. तिथली मुलगी डिप्लोमा करून बारामतीत नोकरीला लागली म्हटल्यावर लोकांनी मला परस्पर कधी नर्स केलं, कधी बँकेतली बाई. आई विचारणाऱ्याला सांगायची, "नकाशं काढती." त्यावर एका चुलतीनं डोळे मोठे करून विचारलं, "म्हंजे तलाठी झाली व्हय?" मी खुलासा करायचा नाद सोडला.

आमचं ऑफिस एमआयडीसीच्या रस्त्याला, एका गोडाऊनच्या वरच्या मजल्यावर होतं. मालक सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांना आम्ही सर म्हणायचो. विमानातून काढलेल्या फोटोंवरून नकाशे करण्यात त्यांची हयात गेली होती. पेन्शन घेऊन नातवंडं खेळवायची सोडून त्यांनी लिलावातून एक जुनं परदेशी यंत्र उचलून आणलं आणि दुकान मांडलं. यंत्र लोखंडी कपाटाएवढं आणि वजनाला त्याहून जास्त. त्याचं खरं नाव प्लॉटर, पण ऑफिसात सगळे त्याला नुसतं 'यंत्र' म्हणायचे. दुसरं यंत्र तिथं नव्हतंच.

त्याची करामत समजायला सोपी आहे. विमान सरळ रेषेत जातं आणि फोटो काढत जातं. प्रत्येक फोटोत मागच्या फोटोतली अर्ध्याहून जास्त जमीन पुन्हा येते. म्हणजे तेच शेत, तीच विहीर, पण दोन जागांवरून पाहिलेली. यंत्रात यातला एक फोटो डाव्या डोळ्याला दिसतो, दुसरा उजव्याला. क्षणभर सगळं दुहेरी, धूसर. मग एकदम जमीन उठून उभी राहते. पहिल्यांदा एक लिंबाचं झाड असं तोंडावर आलं की मी मान मागं घेतली. सर हसून म्हणाले, "जमलं तुला. सगळ्यांना जमत नाही." खरंच जमायचं नाही. माझ्या आधी आलेली चांगली शिकलेली पोरं दोन्ही डोळ्यांचं एकमत होईना म्हणून परत गेली होती. मला त्याचा फार अभिमान वाटायचा. आता वाटतं, त्यात माझं कर्तृत्व काय? डोळे आईबापांनी दिलेले.

मग त्या उठून आलेल्या जमिनीवर उजेडाचा एक बारीक ठिपका दिसायचा. दोन हातांत दोन चाकं, पायाखाली एक तबकडी. हातांनी ठिपका इकडंतिकडं न्यायचा, पायानं वरखाली करायचा. तो हवेत लोंबकळला नाही पाहिजे आणि जमिनीत रुतला नाही पाहिजे. माशी भाकरीवर बसते तसा अलगद बसला पाहिजे. एकदा उंची पक्की केली की पाय उचलायचा आणि त्या उंचीवरूनच ठिपका चालवायचा. तो जिथून जाईल तिथून शेजारच्या टेबलावरची पेन्सिल रेघ ओढत जायची. ही कंटूरची रेघ. पाणी या रेघेच्या वर आपल्या पायानं चढत नाही, एवढं कळलं की सगळं कळलं.

सरांना जुन्या यंत्रांच्या गोष्टी सांगायची भारी हौस. उमेदीच्या दिवसांत ते तारेच्या चार पायांवर उभ्या केलेल्या दोन भिंगांतून बघून हातानंच रेघा काढायचे. पुढं अंधाऱ्या खोलीत काचेवरचे फोटो टेबलावर पाडून तांबड्या-निळ्या चष्म्यातून बघायची यंत्रं आली. "उन्हाळ्यात आतून घाम, बाहेरून दिव्यांचा उकाडा," ते सांगायचे, "आणि साहेब म्हणायचा, टेबलाला धक्का लावू नका." मग हे चाकांचं यंत्र आलं. दर वेळी जुन्या लोकांनी नव्या यंत्राला नावं ठेवली आणि दर वेळी ती गिळली. हे ऐकताना मी हसायचे. माझ्यावरही ती पाळी येणार आहे, हे तेव्हा मला कुठं माहीत होतं?

नव्वदचं दशक निम्म्यावर आलं असेल तेव्हा आमच्याकडं कालव्याच्या शेपटाकडच्या भागाचं काम आलं. लासुर्णे, सणसर आणि पलीकडचा माळ. कालव्याची शेवटची चारी, म्हणजे शेतांकडं पाणी नेणारा पाट, उसात येऊन थांबली होती. ती पुढं वाढवायची तर पाणी कुठवर आपसूक वाहील, एवढंच खात्याला नकाशातून हवं होतं. पंपानं उचलून पाणी द्यायची त्यांची तयारी नव्हती. उसाचा पट्टा संपला की पलीकडं आमची वस्ती. आमच्याकडं बाजरी, मटकी आणि आभाळाकडं बघणं. त्यामुळं हा नकाशा माझ्यासाठी नुसतं काम नव्हता.

आमची माणसं मूळची मेंढरं राखणारी. दिवाळी झाली की कोकणाची वाट, आखाडात परत. चारी वाढणार अशी बोलवा उठली तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पाच-सहा मेंढ्या ठेवून बाकी कळप विकला आणि माळाला बांध घातले. गुडघे बोलायला लागले होते, आईलाही उन्हातान्हात चूल मांडायचा कंटाळा आला होता. तरी आबा स्पष्ट सांगायचे, "पाणी आलं तर मी हितंच. न्हाय आलं तर म्होरल्या दिवाळीला पुन्यांदा कळप धरायचा आन् घाट उतरायचा." हे ते धमकी म्हणून नाही, बाजारहाट सांगावा तसं सांगायचे. मी मात्र दिवाळीला किती महिने उरले ते मोजायचे.

फोटो आले. असले फोटो सरकारच्या परवानगीनंच मिळतात, त्यामुळं सरांनी ते लोखंडी कपाटात कुलपात ठेवले. पहिली जोडी यंत्रात लावली आणि मी चक्रावले. विमान उडायच्या आधी आमची माणसं जमिनीवर चुन्याच्या मोठ्या फुल्या काढून यायची. त्यांची जागा आणि उंची आधीच मोजलेली असायची, म्हणजे फोटो त्यांवर बसवता येतो. आमच्या फुल्या मोजक्या आणि लांब लांब होत्या. इथं तर चारीच्या टोकापासून वस्तीपर्यंत शेतांमधल्या पाणंदीच्या वाटेनं पांढऱ्या फुल्यांची रांगच लागली होती. विहिरीच्या कडेला फुली, मोटारीच्या खोलीपाशी फुली, बांधाच्या प्रत्येक वळणावर फुली. सरांनी काचांतून बघितलं आणि कपाळावर हात मारला. "हा कुणाचा पोरखेळ?"

मला संशय आला आणि तो घेऊनच मी रविवारी घरी गेले.

"आबा, पाणंदीला चुन्याच्या फुल्या कुणी काढल्या?"

"दिसल्या व्हय इमानातनं?" आबा एकदम खूश.

"दिसल्या. सरांचं डोकं फिरलंय."

"त्येला काय झालं फिरायला? तुमच्याच मानसानं सांगितलं, फुल्या बघून पान्याचा नकाशा व्हतोय. आन् त्यानं फुल्या काढल्या कुठं, तर येक कालव्यापाशी आन् येक पार तिकडं माळाच्या टकुऱ्यावर. मधी कायच न्हाय! मागनं येनाऱ्यानं वाट कशी वळखायची?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कोकणाच्या वाटेला कळप पुढं जायचा आणि बायका घोड्यावर बिऱ्हाड लादून मागून यायच्या. वाट फुटली की पुढचा माणूस बरोबरच्या वाटेवर राखेची फुली काढून जायचा. मागचे चुकू नयेत म्हणून वळणावळणाला फुली. वस्तीवरच्या म्हाताऱ्यांनी दिवाळीत घरं रंगवून उरलेला चुना गोळा केला होता आणि कालव्यापासून आपल्या दारापर्यंत पाण्याला वाट दाखवून ठेवली होती. उसाच्या मालकांनी विचारलं तर म्हणे, "सरकारी काम हाय." मला हसू आवरेना, आणि मग का कोण जाणे, डोळ्यांत पाणी आलं.

सरांना मी हे सांगितलं. ते हसले नाहीत. "बरं, सोडून दे त्या फुल्या," म्हणाले. सोडून दिल्या.

त्याच सुमारास ऑफिसात संगणक आला आणि त्याच्या मागोमाग पुण्याचा एक इंजिनियर. माझ्यापेक्षा एखाद वर्षानं लहान, पायात पांढरे बूट. आता फोटो यंत्रात लावायचे नव्हते. ते संगणकात घालायचे, डोळ्यांवर खास चष्मा चढवायचा आणि पडद्यावरच जमीन उठलेली बघायची. ठिपका तोच, पण चाकांऐवजी हातात माउस. त्याहून कमाल म्हणजे संगणक दोन फोटोंतल्या सारख्या खुणा स्वतःच जुळवून उंची काढायचा. मला ज्याला आठवडे लागायचे ते त्याचं जेवणानंतर सुरू होऊन चहाच्या आत उरकायचं. माझा जळफळाट झाला, खोटं कशाला बोला? माझी नोकरी जाणार याची भीती होती आणि तो पोरगा चांगला होता याचा रागही.

आमच्या भागाचा नकाशा पहिल्यांदा संगणकानंच काढला. सरांनी कागद टेबलावर पसरला आणि बोट ठेवलं. चारीचं टोक आणि आमची वस्ती यांच्या मध्ये लांबलचक उंचवटा आला होता.

"मध्ये टेकाड आहे," सर हळूच म्हणाले. त्यांना माझं घर माहीत होतं. "पाणी चढणार नाही गं."

"टेकाड? तिथं?" माझा आवाज चढला. "त्या पाणंदीनं मी शाळेला गेलेय. घरी येताना सायकलला पायडल मारावं लागायचं नाही, सर!"

"आठवणीवर नकाशा होत नाही," इंजिनियर म्हणाला. वाईट हेतूनं नाही, पण म्हणाला.

मी त्याला काय काय बोलले ते आता लिहीत नाही. चहासुद्धा न घेता कागद घेऊन खिडकीशी बसले. डोळ्यांसमोर आबा दिसत होते, खांद्यावर घोंगडं, घाटाच्या वाटेवर, दुखऱ्या गुडघ्यांनी. रेघांवरून नजर फिरवत राहिले, फिरवत राहिले, आणि मग एक गोष्ट खटकली. टेकाड चौकोनी होतं. एका बाजूला काटकोनात वळत होतं. मधून एक सरळ चीर गेली होती, तिथं उंची एकदम पडत होती आणि पलीकडं पुन्हा तेवढीच चढत होती.

"टेकाडाला कोपरे असतात का हो?" मी ओरडलेच.

दोघं धावत आले. मी फोटो शेजारी ठेवला. टेकाडाची कड आणि उसाच्या फडाची कड एकच होती. मधली चीर म्हणजे पाणंद. दिवाळीनंतरचा, तोडणीला आलेला ऊस. त्यात माणूस उभा राहिला तर हात वर करूनही दिसायचा नाही. संगणकानं जे वरून दिसलं ते इमानदारीनं मोजलं होतं: उसाचे शेंडे. खाली जमीन आहे, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

इंजिनियरनं चष्मा काढला आणि फडाच्या कडेवरून बोट फिरवलं. "माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं," म्हणाला. "मी ऊस रसवंतीतच बघितलाय." मला तो त्या क्षणी पहिल्यांदा आवडला.

पण सर अनुभवी. ते म्हणाले, "वर ऊस आहे हे ठीक. खाली जमीन केवढी आहे ते सांगा. खाली खरंच टेकाड असलं तर?" मी जुन्या यंत्रावर बसले. पण उसाच्या काळ्या गर्दीत ठिपका कुठंच नीट बसेना. पाणंदीतही सावली पडलेली. कधी ठिपका बुडायचा, कधी तरंगायचा. आणि दुसरी अडचण सरांनी जरा चाचरतच सांगितली. "तू काढलेली रेघ मी पाठवली, तर उद्या कुणीही म्हणेल, पोरीनं आपल्या दारात पाणी नेलं." राग आला, पण ते खरं होतं. माझा हात त्या रेघेला लागणं बरोबर नव्हतं.

आणि तेव्हा इंजिनियरच म्हणाला, "त्या फुल्या कुठं आहेत? चुना उसाच्या शेंड्यावर तर नाही ना काढलेला?"

मी फोटो पुढं ओढला. फुल्या जमिनीवर होत्या. पांढऱ्याशुभ्र, सावलीतही उठून दिसणाऱ्या, चारीच्या टोकापासून वस्तीपर्यंत. ठिपका बसवायला त्याहून चांगली जागा कोण करून देणार होतं?

त्यानं मापं घ्यायची आणि मी खोलीत थांबायचं नाही, असं मीच सांगितलं. जिन्यात उभी राहिले. खाली गोडाऊनमध्ये खताची पोती उतरवत होते, हमालांची भांडणं चालली होती. आत त्याचा आवाज येत होता, एकेका फुलीची उंची तो सरांना सांगत होता. पहिला आकडा ऐकला. दुसरा त्याहून थोडा कमी. तिसरा तेवढाच. मी जिन्याचा कठडा घट्ट धरला. पुढचा कमी. मग एक जरासा जास्त आला. पण ती फुली विहिरीच्या काठावरच्या मातीच्या ढिगावर होती, असं सरच आतून म्हणाले. पुढं पुन्हा उतार, सावकाश, वस्तीपर्यंत. वाटेत टेकाड नव्हतंच. आकडे संपले तेव्हा सर बाहेर आले आणि म्हणाले, "आत ये, रडू नको, चहा मागव."

एवढ्यावर भागलं नाही, भागूही नये. खात्याची माणसं लेव्हलचं यंत्र घेऊन स्वतः पाणंदीनं चालली आणि प्रत्येक फुलीच्या जागी पट्टी उभी करून बघितली. चुना एव्हाना पावसानं धुपला होता, पण जागा दाखवायला वस्तीवरचे सगळे म्हातारे हजर होते आणि कुणाची फुली जास्त सरळ होती यावरून त्यांच्यात वादही झाला. मापं जुळली. चारी मंजूर झाली. ती खोदायला वेळ लागला, मध्ये एकदा काम बंदही पडलं. पुढची दिवाळी आली तेव्हा नुसतीच खुंट्या मारलेली रेघ होती. आबांनी रेघेकडं बघितलं, गुडघ्याला तेल लावलं आणि कळप धरला नाही.

इकडं आम्ही शहाणे झालो. इंजिनियरनं पद्धत बसवली: आधी उसाचे फड वेगळे करायचे, त्यात संगणकाला तोंड उघडू द्यायचं नाही, तिथं माणसानं उघड्या जागा शोधून ठिपका बसवायचा. फड कुठला, चाऱ्याचं कडवळ कुठलं, हे मी सांगायचे. मला माउस धरायला त्यानं शिकवलं. पहिले काही दिवस माझे पाय टेबलाखाली नसलेली तबकडी शोधायचे. पुढं असा हात बसला की मीच नव्या मुलींना शिकवायला लागले. जुनं यंत्र भारी होतं, पण मला त्याच्यासाठी गळा काढता येत नाही. पडद्यावर मान न मोडता बसता येतं आणि चुकलेली रेघ पुसता येते, हे काय थोडं झालं?

शेवटी यंत्र पुण्याच्या एका कॉलेजानं मुलांना दाखवायला मागून घेतलं. ते जायच्या आदल्या दिवशी आबा बारामतीला आले. इतकी वर्षं मी काय करते हे त्यांनी कधी बघितलं नव्हतं. डहाळ्याची पेंढी घेऊन आले होते, हिरव्यागार हरभऱ्याची, आमच्याच रानातली. सरांच्या टेबलावर ती ठेवून म्हणाले, "घ्या, साहेब. घरचा हाय." सरांनी न विचारताच कपाट उघडलं आणि आमच्या वस्तीच्या फोटोंची जोडी काढून दिली.

मी फोटो लावले, आबांना स्टुलावर बसवलं, काचांना डोळे लावायला शिकवलं.

"काय दिसतंय, आबा?"

"बाभळ हाय. हीर हाय. आपल्या घराचं पत्रं हायती की गं!"

"वर उठून आल्यासारखं दिसतंय का? झाड अंगावर येतंय का?"

"न्हाय बा. समदं सपाट हाय."

मी काचा हलवल्या, फोटो सरकवले, पुन्हा बघायला लावलं. सपाटच. मग मी त्यांच्या तोंडाकडं नीट बघितलं. डाव्या डोळ्यात पांढुरकं काहीतरी धरलेलं होतं. मोतीबिंदू. जमीन उठायला दोन्ही डोळे लागतात, आणि एक कधी गेला ते यांनी कुणाला सांगितलंही नव्हतं. मी चिडले, अशी चिडले की सर बाहेर निघून गेले. हे बोलायचं नाही? दवाखाना कुठं लांब होता?

"दाखवू की. कुठं पळून चाललाय डोळा?" आबा काचांपासून हलायला तयार नव्हते. "आन् ती टेकाडाची जागा कुठली?"

मी ठिपका उसावर नेऊन ठेवला.

"हिथं? हितं बी सपाटच हाय की. येवढ्यासाठी भांडला व्हय तुमी?"

"आबा, तुम्हाला ते खरं कसं दिसतं हे दाखवायचं होतं मला," मी म्हणाले.

त्यांनी मान वर केली आणि चांगल्या डोळ्यानं माझ्याकडं बघितलं.

"तुला दिसलं न्हवं?"

"दिसलं."

"मग झालं," म्हणाले आणि स्टुलावरून उठून टोपी सारखी करायला लागले. "चल, मला ष्टँडवर सोड. डोळ्याचं सोमवारी बघू. आज सांजच्याला आपल्या पान्याची पाळी हाय."